चुन्याची भट्टी आणि उष्णतेचा जमाखर्च

धान्य मापावे, सोने तोलावे, कापड हातावर मोजावे, ह्या रीती माणसाला फार पुरातन काळापासून ठाऊक आहेत. उष्णताही मोजता येते आणि तिचाही जमाखर्च वाण्याच्या वहीसारखा चोख मांडता येतो, ही कल्पना मात्र त्या मानाने अगदी अलीकडची. तिला पुरती अडीचशे-पावणेतीनशे वर्षेही झालेली नाहीत. रसायनशास्त्राच्या आरंभीच्या वर्गांत विद्यार्थ्याची ह्या कल्पनेशी प्रथम गाठ पडते ती 'अभिक्रियेची एन्थाल्पी' अशा एका परक्या नावाने. ते नाव, त्यामागची गणिते आणि विशेषतः उत्तरापूर्वी येणारे ते अधिक-उण्याचे चिन्ह ह्यांचा पुष्कळांना धसका बसतो. वस्तुतः ह्या विषयाचा संपूर्ण पाठ मराठी माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एका लहानशा डबीत पडून आहे. ती डबी म्हणजे पानाच्या तबकातली चुन्याची डबी.

चुन्याचा हा पाठ वाचावयाचा तर नर्मदेच्या खोऱ्याइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. जबलपूर शहरालगतचे महाराजपूर घ्यावे. एका बाजूस भेडाघाटचे संगमरवरी कडे, ज्यांच्या दगडात कॅल्शियमच्या जोडीने मॅग्नेशियमही आहे. तर उत्तरेस चुनखडीच्या खाणींचा आणि चुन्याच्या भट्ट्यांचा कटनीचा प्रदेश. १९९८ साली कटनीचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी तो मुलूख जबलपूर जिल्ह्यातच मोडत असे. चुन्याची नगरी अशीच कटनीची ख्याती आहे. १८१७ साली जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले, तोवर त्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे मराठी भाषेलाही हा प्रदेश अनोळखी नाही.

आणि चुना तर मराठी मुलखात सर्वत्र आहे. कोकणात आणि गोव्यात समुद्रकाठचे शिंपले भाजून चुना करीत. गडकोटांवर चुन्याच्या घाण्याची वाटोळी चर अजून दिसते. मुंबईत एका वस्तीला आणि तिथल्या रेल्वे स्थानकाला चुनाभट्टी हेच नाव पडून गेले आहे. कोठेही गेले तरी चुन्याची अवस्थांतरे तीनच. खाणीतून निघते ती चुनखडी. ती भट्टीत भाजली की चुनकळी, म्हणजेच कळीचा चुना. चुनकळीवर पाणी घातले की विरलेला चुना. आणि विरलेला चुना भिंतीच्या सांध्यांत बसून हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषीत शोषीत पुन्हा दगड होतो. म्हणजे रासायनिक दृष्ट्या पुन्हा चुनखडीच होतो. जेथून निघाला तेथेच तो परत येतो. उष्णतेचा हिशेब शिकवण्यासाठी ह्याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

चुनकळीवर पाणी पडले की ती फसफसते, फुगते, वाफा सोडते. चूल नाही, जाळ नाही, आणि तरीही पाणी उकळते. हे पाहून जुन्या काळच्या लोकांनी एक साधे अनुमान बांधले होते. भट्टीत भाजताना अग्नीचे काही कण दगडात शिरतात, तेथे दडून राहतात आणि पाणी लागताच बाहेर पडतात, असे ते मानीत. चुनकळीचा दाहक गुणही त्या कोंडलेल्या अग्नीचाच, अशी युरोपातील पंडितांचीही समजूत होती. ती खोटी ठरवली स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक ह्याने. १७५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्याने तराजूची साक्ष काढली. भाजल्यावर दगडाचे वजन वाढत नाही, उलट चांगलेच घटते. काही आत शिरत नाही. एक वायू बाहेर जातो. तोच आजचा कार्बन डाय-ऑक्साइड. पुढे ग्लासगो येथे असताना ह्याच ब्लॅकने उष्णता आणि तापमान ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे दाखवून दिले. उकळत्या पाण्याला कितीही आंच दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही. ती उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. तिलाच पुढे अप्रकट उष्णता असे नाव मिळाले. चुन्याचे वजन करणारा आणि उष्णतेचे मोजमाप करणारा माणूस एकच असावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

तापमान आणि उष्णता ह्यांतला भेद घरातल्या उदाहरणाने चटकन ध्यानी येतो. चमचाभर उकळते पाणी आणि घंगाळभर उकळते पाणी ह्यांचे तापमान एकच. पण घंगाळातल्या पाण्याने स्नान होईल, चमचाभर पाण्याने हातही धुता येणार नाही. तेव्हा उष्णतेची मोजणी करावयाची तर तीन गोष्टी जाणल्या पाहिजेत. वस्तू किती आहे, तिचे तापमान किती अंशांनी वाढले, आणि त्या वस्तूचा एक ग्रॅम एका अंशाने तापवण्यास किती उष्णता लागते. ह्या तिसऱ्या गोष्टीस विशिष्ट उष्णता म्हणतात. पाण्याच्या बाबतीत ती ४.१८ ज्यूल आहे. जुन्या पुस्तकांत ज्यूलऐवजी कॅलरी हे माप आढळते. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल. ह्या तिन्ही संख्यांचा गुणाकार केला की उष्णता हाती येते. ह्यापलीकडे त्या सूत्रात गूढ असे काही नाही.

आता समजा, एका विद्यार्थ्याने पेल्यात २०० ग्रॅम पाणी घेतले. त्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस आहे. त्यात त्याने ५.६ ग्रॅम ताजी, चांगली भाजलेली चुनकळी थोडीथोडी करून सोडली, ढवळली, आणि तापमान ३२.२ अंशांवर गेले. वाढ झाली ७.२ अंशांची. २०० गुणिले ४.१८ गुणिले ७.२ म्हणजे सुमारे ६,०२० ज्यूल, अर्थात ६.०२ किलोज्यूल. एवढी उष्णता पाण्याला मिळाली.

येथवर हिशेब पाण्याचा झाला. रसायनशास्त्रज्ञाला हवा असतो तो अभिक्रियेचा हिशेब, आणि नेमकी येथेच विद्यार्थ्याची वाट चुकते. एक तर पाण्याच्या वजनाच्या जागी चुनकळीचे वजन घालून तो गुणाकार करतो; तापली ती वस्तू मुख्यतः पाणी आहे, हे विसरतो. दुसरे म्हणजे मिळालेला आकडा केवळ ५.६ ग्रॅमांपुरता आहे ह्याचे त्याला भान राहात नाही. कोणी पाच ग्रॅम घेईल, कोणी पन्नास. त्यांची उत्तरे ताडून पाहावयाची तर सर्वांनी एकच प्रमाण स्वीकारले पाहिजे. ते प्रमाण म्हणजे मोल. चुनकळीचा एक मोल ५६ ग्रॅमांचा, ५.६ ग्रॅम म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. म्हणून ६.०२ ला ०.१ ने भागावयाचे. उत्तर येते दर मोलास ६०.२ किलोज्यूल.

तिसरी गोष्ट चिन्हाची. पाण्याच्या वहीत जी जमा आहे, ती अभिक्रियेच्या वहीत नावे पडली पाहिजे. सावकाराने दिलेले शंभर रुपये ऋणकोच्या वहीत जमेस आणि सावकाराच्या वहीत खर्ची लिहिले जातात. रक्कम एकच, बाजू दोन. अभिक्रियेने उष्णता बाहेर टाकली, म्हणून तिच्या उत्तरापूर्वी उणे चिन्ह. अशा अभिक्रियेस उष्मादायी म्हणतात. जी अभिक्रिया उष्णता घेते ती उष्माग्राही, आणि तिचे चिन्ह अधिक. पदार्थांच्या ठायी असलेल्या ऊर्जेचा, नित्याच्या हवेच्या दाबाखाली केलेला, असा जो हिशेब, त्यासच एन्थाल्पी हे नाव आहे. उघड्या पेल्यात दाब बदलत नाही. म्हणून पेल्यात मोजलेली उष्णता आणि एन्थाल्पीतला फरक हे दोन्ही एकच ठरतात.

ग्रंथांत ह्या अभिक्रियेची एन्थाल्पी उणे ६५.२ किलोज्यूल दिलेली असते. पेल्यात आली ६०.२. उरलेले पाच किलोज्यूल गेले कोठे? काही पेल्याच्या काचेने घेतले, काही हवेने, काही ढवळणीने. शिवाय चुनकळीत थोडी न भाजलेली खडीही असू शकते. उष्णता नाहीशी झाली नाही; तिची नोंद झाली नाही, एवढेच. आपल्या उत्तरातली तूट कोणी चोरली हे सांगता येणे, हे बिनचूक उत्तर येण्याइतकेच मोलाचे शिक्षण आहे.

हे आकडे केवळ परीक्षेपुरते नाहीत. पेल्यातल्या २०० ग्रॅम पाण्यात ६ किलोज्यूल उष्णता पडली, तर ते जेमतेम कोमट झाले. पण ५६ ग्रॅम चुनकळीवर केवळ ५० ग्रॅम पाणी ओतले तर? १८ ग्रॅम पाणी चुन्याशी संयोग पावेल. उरलेल्या ३२ ग्रॅमांच्या वाट्याला ६५ किलोज्यूल येतील. ते पाणी उकळीस तर येईलच, आणि उष्णता बाहेर निसटली नाही तर त्यातले निम्म्याहून अधिक वाफ होऊन जाईल. म्हणूनच चुनकळीची पोती पावसात भिजली की गोणपाट पेट घेण्याचे भय असते. चुना विरवणारे जाणते कारागीर भरपूर पाण्यात थोडी थोडी चुनकळी सोडतात. ढिगावर पाणी शिंपडून वर वाकत नाहीत. त्यांच्या त्या सावधगिरीचा अर्थ ह्या एका भागाकारात आहे. थोडे पाणी घातक, पुष्कळ पाणी तारक.

पानाच्या दुकानात मिळणाऱ्या चुन्याच्या पुडीबद्दलही येथे एक सांगणे अवश्य आहे. तो चुना विरलेला असतो. त्याची उष्णता केव्हाच बाहेर पडून गेलेली असते. तरीही त्याचा अल्कधर्मी दाह कायम असतो. पुडी दाबून खेळताना ती फुटून मुलांच्या डोळ्यांत चुना उडाल्याची आणि दृष्टी जायबंदी झाल्याची उदाहरणे भारतातील नेत्रवैद्यांनी वारंवार नोंदलेली आहेत. असा प्रसंग ओढवल्यास क्षणाचाही विलंब न लावता स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा आणि तत्काळ वैद्याकडे न्यावे. पुडी मुलांच्या हाती न पडू देणे हे सर्वांत उत्तम.

आता भट्टीकडे वळावे. चुनखडीचा एक मोल म्हणजे १०० ग्रॅम. ती फुटून ५६ ग्रॅम चुनकळी आणि ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड व्हावयाचा तर १७८.३ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. ही अभिक्रिया उष्माग्राही. तिचे चिन्ह अधिक. १०० किलोग्रॅम दगडाला ह्याच्या हजारपट, म्हणजे १,७८,३०० किलोज्यूल. शुद्ध कार्बनाचे १२ ग्रॅम जळले की ३९३.५ किलोज्यूल मिळतात. त्रैराशिक मांडले तर १०० किलोग्रॅम दगडास सुमारे ५.४ किलोग्रॅम कार्बन पुरावा. प्रत्यक्ष भट्टीत ह्याहून कितीतरी अधिक कोळसा जळतो. कोळशात राख आणि ओलावा असतो. दगड सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. तापलेला धूर वर निघून जातो. भट्टीच्या भिंती उष्णता पितात. परंतु भट्टी कितीही सुधारली तरी ह्या अभिक्रियेचा तेवढा खर्च टळावयाचा नाही, ती मर्यादा कोणती, हे कारागिराला एन्थाल्पी सांगते. त्या मर्यादेवरचा सर्व खर्च मात्र माणसाच्या कौशल्यावर अवलंबून आहे. आणि तेथे काटकसरीला वाव आहे.

तिसरी अभिक्रिया भिंतीत चालते. ती इतकी मंद असते की कोणत्याही पेल्यात ती मोजण्याची सोय नाही. जाड भिंतीच्या पोटात ती वर्षानुवर्षे रेंगाळते. मग तिची उष्णता कशी कळावी? ह्या प्रश्नाचे उत्तर देणारा नियम १८४० साली जर्मेन हेस ह्याने मांडला. जन्माने जिनीव्हाचा हा शास्त्रज्ञ रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे काम करीत होता. पदार्थ एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत गेला की त्याच्या उष्णतेचा एकूण हिशेब केवळ आरंभ आणि शेवट ह्यांवर ठरतो, मधल्या वाटेवर नाही, असा त्याचा सिद्धांत आहे. त्याच्याही आधी, १७८३ साली, लव्हाझिए आणि लाप्लास ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वितळलेल्या बर्फाच्या वजनावरून उष्णता मोजली होती आणि संयोगात जेवढी उष्णता सुटते तेवढीच विघटनास लागते, असे प्रतिपादिले होते. ऊर्जा अक्षय्य आहे हे तत्त्व मायर आणि ज्यूल ह्यांनी मांडण्यापूर्वीच हेस ह्याने केवळ मोजमापांच्या बळावर त्याचा रसायनातला प्रत्यय घेतला.

चुन्याचा प्रवास तर जेथून निघाला तेथेच संपतो. आरंभी चुनखडी, शेवटी चुनखडी. तेव्हा तिन्ही अभिक्रियांची बेरीज शून्यच यावयास हवी. भट्टीत अधिक १७८.३, पाण्यात उणे ६५.२, म्हणून भिंतीत उणे ११३.१. भिंतीला हात न लावता भिंतीची उष्णता सापडली. नर्मदेच्या घाटापासून देवळाच्या कळसापर्यंत कोणी पायऱ्यांनी चढो, कोणी चढणीच्या रस्त्याने जावो; उंची एकच. हेस ह्याचा नियम म्हणजे उष्णतेच्या मुलखातील ह्या उंचीचाच नियम होय.

जुन्या लोकांचे अनुमानही ह्या प्रकाशात पुन्हा पाहण्यासारखे आहे. चुनकळीत अग्नीचे कण नसतात, हे ब्लॅकने दाखविले. परंतु भट्टीतल्या उष्णतेचा एक भाग चुनकळीच्या ठायी ऊर्जारूपाने साठलेला असतो, हे एन्थाल्पीने दाखविले. कण नाही, पण ठेव आहे. लोकांची नजर खोटी नव्हती. तिला तराजू आणि तापमापक ह्यांची जोड हवी होती.

मात्र शून्य बेरीज पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. भट्टीने उष्णता घेतली ती ९०० अंशांच्या धगीत. भिंतीने परत केली ती वर्षानुवर्षे, इतक्या मंद की त्या उष्णतेवर कपभर चहाही होणार नाही. कर्ज चांदीच्या रुपयांत घ्यावे आणि फेड कवड्यांत व्हावी, तसे हे झाले. रक्कम बरोबर, पण बाजारात तिचे मोल राहिले नाही. एन्थाल्पी किती हे सांगते. किती वेळात आणि कितपत उपयोगी, हे सांगत नाही. त्यासाठी शास्त्रात निराळी प्रकरणे आहेत.

दुसरी शिल्लक हवेतली. १०० किलोग्रॅम चुनखडीतून ४४ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. चुन्याची भिंत तो हळूहळू परत घेते. परंतु तो दगड फोडण्यासाठी जे किमान ५.४ किलोग्रॅम कार्बन जळले, त्याचे जवळजवळ २० किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेतच राहतात. कोणतीही भिंत त्यांची परतफेड करीत नाही. कटनीजवळच्या कैमोरसारख्या ठिकाणी ज्या चुनखडीचे सिमेंट होते, तिलाही हाच न्याय लागू आहे. तेथे तर दगडातून सुटलेला वायूही सगळा परत येत नाही. पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचा प्रश्न आज जगापुढे उभा आहे. त्यात सिमेंट आणि चुना ह्यांचा वाटा सहजी का कमी होत नाही, ह्याचे कारण ह्या साध्या गणितात दडलेले आहे. सूर्याच्या किंवा विजेच्या बळावर भट्टी तापविली तर कोळशाचा वायू वाचेल. दगडातला वायू मात्र सुटणारच. तो कोंडून ठेवण्याचा किंवा कामी लावण्याचा उपाय निराळा शोधावा लागेल. कोणत्या खर्चात काटकसर शक्य आणि कोणत्यात नाही, हे ज्याला कळले तोच पुढचा मार्ग शोधू शकेल.

महाराजपूर असो की मालवण, शाळेच्या बाकावर बसून उष्णतेची उदाहरणे सोडविणाऱ्या मुलामुलींना हे सर्व एका दिवसात कळणार नाही, आणि कळण्याची निकडही नाही. त्यांनी आरंभी तीनच गोष्टींची सवय लावून घ्यावी. तापले ते काय, त्याचे वजन घालावे. अभिक्रिया पावले ते किती, त्याचे मोल काढावेत. आणि उष्णता कोणी दिली व कोणी घेतली, हे ठरविल्यावाचून चिन्ह लिहू नये. एवढे साधले की पेल्यातल्या कोमट पाण्यापासून कटनीच्या भट्टीपर्यंत एकच वही पुरते. त्या वहीत खोटी नोंद करता येते. पण निसर्ग तिच्यावर सही करीत नाही.